अंथरूण, पाय आणि उधारीची वही

आमच्या गावात अंथरूण-पांघरूणच बनतं, त्यामुळे 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण कुणी ऐकवली की आम्हा सोलापूरकरांना जरा हसूच येतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ही म्हण दिवसातून दोनदा तरी म्हणायचेच. गिऱ्हाईकाला, मला, आईला, आणि एकदा तर टीव्हीवर बजेट वाचणाऱ्या अर्थमंत्र्याला पण. मी पुढे बँकेत लागलो, मग उशिरा का होईना चार पुस्तकं वाचायला लागलो, तेव्हा कळलं की पाय बघून अंथरूण वाढवता येतं का, आणि येत असेल तर ते नक्की कुणाला येतं, यावरच जगातले मोठमोठे अर्थतज्ज्ञ गेली शंभर वर्षं एकमेकांची डोकी फोडतायत.

आमची डोकी आम्ही रविवारी सकाळी फोडतो. कन्ना चौकाजवळ एका हॉटेलात (चहाचं हॉटेल, पुणेकरांनी गैरसमज करून घेऊ नये). आम्ही तिघं. मी, बँकेत अठ्ठावीस वर्षं क्लार्की करून व्हीआरएस घेतलेला. दुसरा माझा शाळेतला मित्र, त्याचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत, त्याला आपण टॉवेलवालाच म्हणू. आणि तिसरे कॉम्रेड काका, पंच्याहत्तरीला आलेले, आधी मागावर आणि मग जन्मभर लाल बावट्याच्या मोर्च्यात, ते आम्हा साठीला टेकलेल्या लोकांना अजून 'पोरांनो' म्हणतात. तिघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर आहे, ते म्हणजे शेंगाची चटणी. बाकी सगळं भांडण.

टॉवेलवाल्यानं हायेक या बाजारवादी अर्थतज्ज्ञाचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं पण बोलतो सगळा हायेकच. "लका, सकाळी सुताचा भाव मोबाईलवर आला की मला बास. कापूस कुठं कमी पिकला, कुणी एक्सपोर्ट केला, बोंडअळी आली का नाही आली, मला काय करायचंय? भाव चढला की मी टॉवेलचं वजन उतरवतो, मोकळा." मी त्याला सांगितलं की अगदी हेच हायेकनं १९४५ साली लिहिलंय, फक्त सुताच्या जागी त्यानं कथलाचं उदाहरण घेतलं. कथील कुठं कमी पडलं, का पडलं हे वापरणाऱ्याला कळायची गरजच नाही, भाव वाढला एवढं कळलं की तो आपोआप जपून वापरतो. आणि सगळ्या लोकांच्या डोक्यात तुकड्यातुकड्यानं असलेली ही माहिती दिल्लीत किंवा मॉस्कोत बसलेल्या कुठल्याही एका ऑफिसला गोळा करता येणार नाही. टॉवेलवाला खूश. "नोबेल दिलं का मग त्याला?" दिलं की, १९७४ ला, पण त्याच वर्षी त्याच्या बरोब्बर उलट मताच्या गुन्नार मिर्दालला निम्मं वाटून दिलं. "म्हणजे दोघं बरोबर, का दोघं चूक?" कॉम्रेड काका म्हणाले, "बक्षीस नाही दिलं रे ते, भांडण लावून दिलं."

पण काकांचं मला आवडतं ते हे की ते मान्य करायला लाजत नाहीत. म्हणाले कंट्रोलचं कापड आम्ही पण नेसलोय, ते एकदा धुतलं की आखडायचं आणि हे प्लॅनिंगवाल्यांच्या कागदात कधी आलंच नाही, तेवढं तुझ्या त्या हायेकचं खरं. मग चहाचा घोट घेऊन, "पण भाव सुताचा कळतो बाबा. कांडी भरणारीच्या पाठीचा भाव कुठल्या मोबाईलवर येतो?"

टॉवेलवाला गप्प. दोन मिनिटं. त्याच्या मानानं खूप.

आता माझं सांगतो. मला या भानगडीत पुस्तकांनी नाही ओढलं, एका वहीनं ओढलं. अण्णांचं किराणा दुकान होतं, एका मिलच्या चाळीच्या कोपऱ्यावर. मिलचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही. सोलापुरात १८७७ ला जुनी मिल निघाली, मग एकामागून एक गिरण्या, आणि भोंग्यावर घड्याळं लावणारं हे गाव झालं. आमच्या दुकानात रोख विक्री म्हणजे काडेपेटी आणि गोळ्या-बिस्किटं. बाकी सगळं वहीवर. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही, एकेका घराला एक पान, महिनाभर ज्वारी, तेल, गूळ, साबण लिहीत जायचं आणि पगार झाला की लोक येऊन पान मिटवायचे, पूर्ण नाही, थोडी बाकी ठेवूनच, कारण बाकी शून्य झाली की नातं संपल्यासारखं वाटायचं. हे मी गंमत म्हणून नाही सांगत. खरंच तसंच होतं.

नव्वदच्या दशकात मिल बंद पडली. एका दिवसात नाही पडत हो मिल, आधी एक पाळी बंद, मग पगार लांबला, मग अर्धा, मग भोंगा वाजायचा थांबला. मला त्या वेळी वाटलेलं की नुकसान झालं ते कामगारांचं, आपलं दुकान आहे, लोकांना खायला तर लागतंच. पण वहीची पानं लांबायला लागली, मिटवणं थांबलं. आधी सायकल दुरुस्तीवाला गेला, मग शिंपी, मग खानावळ, मग दूधवाल्यानं रतीब निम्मा केला, आणि या सगळ्यांची पण पानं आमच्याच वहीत होती! म्हणजे मिलच्या कामगारानं पगारातले शंभर रुपये आम्हाला दिले की त्यातले काही आम्ही शिंप्याला द्यायचो, शिंपी खानावळीत द्यायचा, खानावळवाला परत आमच्याकडून तेल न्यायचा, असं ते शंभर रुपये चाळीच्या आत चार फेऱ्या मारायचे आणि मग भुसार बाजाराकडे बाहेर पडायचे. पगार थांबला तर शंभर गेले नाहीत, तीनशे-चारशे गेले. हा आकडा माझा अंदाज आहे, पण या फेऱ्यांचा हिशेब रिचर्ड कान नावाच्या माणसानं १९३१ साली मांडला आणि केन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १९३६ च्या पुस्तकात तो मध्यभागी बसवला, हे मला पुढे पंधरा वर्षांनी वाचायला मिळालं. वाचताना मी सरळ उठून माळ्यावरची वही काढली.

अण्णांनी त्या काळात काय केलं असेल? अंथरूण पाहून पाय. दुकानात माल कमी भरला, मदतीचा पोरगा काढला, घरात दिवाळी बारीक केली. प्रत्येक घरानं हेच केलं, आणि प्रत्येक घरापुरतं ते शहाणपणाचंच होतं. पण एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते ना, त्यामुळे सगळ्यांनी एकदम पाय आखडले की सगळ्यांचंच अंथरूण आखडत जातं. केन्सचं काटकसरीचं कोडं म्हणतात ते हेच. पुस्तकात ते हुशार वाटतं, चाळीत ती फक्त शांतता असते. सहा वाजता रस्ता रिकामा.

बँकेतली गोष्ट अजून भारी. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं की बँक म्हणजे मध्यस्थ, लोकांच्या ठेवी गोळा करायच्या आणि गरजूंना कर्ज म्हणून वाटायच्या. मग मी काउंटरवर बसून रोज काय करत होतो? कर्ज मंजूर झालं की कर्जखात्याला डेबिट, त्याच माणसाच्या बचत खात्याला क्रेडिट, झालं. साखर पेठेतल्या कुठल्याही आजीच्या एफडीतून काढून कुणाला दिले असं एकदाही घडलं नाही, आजीची एफडी जिथल्या तिथं. २०१४ ला बँक ऑफ इंग्लंडनं आपल्या त्रैमासिकात स्वच्छ लिहून टाकलं की बाबांनो, कर्ज दिलं की ठेव तयार होते, उलटं नाही. म्हणजे इतकी वर्षं मी पैसा तयार करत होतो आणि पगार मात्र क्लार्कचा! अर्थात त्याला लगाम आहेत, कर्जदार फेडेल का, बँकेचं भांडवल किती, रिझर्व्ह बँकेचा दर काय, पैसा दुसऱ्या बँकेत गेला की तो सेटल कशातून करायचा. पण तरी. अण्णांची वही आणि माझं खातं यात फरक एवढाच होता की माझ्या खात्यातलं क्रेडिट सगळ्या गावात चालायचं आणि अण्णांचं फक्त त्या कोपऱ्यावर.

नोटाबंदी आठवते? ८ नोव्हेंबर २०१६. चलनातल्या नोटांच्या किमतीच्या ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद. मी काउंटरवर होतो, नव्या दोन हजारच्या नोटा एटीएमच्या ट्रेमध्ये बसत नव्हत्या, रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर, त्याचं वर्णन सगळ्यांनी केलंय, मी करत नाही. मला त्यातली एकच गोष्ट टोचते. टॉवेलवाल्याचे माग जागेवर होते. सूत गोडाऊनमध्ये होतं. माणसं दारात होती. वीज होती. आणि तरी माग बंद, कारण आठवड्याचा पगार रोखीत द्यायचा असतो आणि रोख नाही. जुन्या शहाण्या लोकांचं म्हणणं असायचं की पैसा हा नुसता पडदा आहे, खरी अर्थव्यवस्था पडद्यामागं वस्तूंची चालू असते. अहो, पडदा ओढला आणि मागं नाटकच थांबलं की. टॉवेलवाल्याला त्या महिन्यात मी हे ऐकवलं तर तो म्हणाला, "ए, लेक्चर नंतर दे, दोन हजारचे सुट्टे दे."

मग मला एमएमटीचं, म्हणजे 'मॉडर्न मॉनेटरी थिअरी' नावाच्या विचाराचं वेड लागलं, साधारण तीन-चार वर्षं. त्यातल्या स्टेफनी केल्टनचं पुस्तक २०२० ला आलं, लॉकडाऊनमध्ये सगळं वाचून काढलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जे सरकार स्वतःचं चलन काढतं ते घरासारखं नसतं, त्याला आधी टॅक्स गोळा करून मग खर्च करावा लागत नाही, त्याची मर्यादा पैसा नसते, माणसं, यंत्रं आणि माल हीच असते. मी हे कट्ट्यावर चादरीच्या भाषेत सांगितलं. दिल्लीचं अंथरूण किती लांब? तर सूत किती, माग किती आणि रिकामे हात किती, तेवढं. नोटा किती हा प्रश्नच नाही.

टॉवेलवाल्यानं एका वाक्यात माझी हवा काढली. "आणि सूत संपल्यावर पण ऑर्डर येतच राहिली तर? मग मी जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन, उतरवणार. लांबी तीच, दिसायला तसंच, अंगावर घेतलं की पातळ. तुझी महागाई म्हणजे तेच की."

इतकी चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात नाही सापडली, खरंच सांगतो. आणि तीच मला बाबासाहेबांकडे घेऊन गेली. आपण बाबासाहेबांना अर्थशास्त्रज्ञ म्हणतो पण वाचत नाही, मी पण वाचलं नव्हतं. १९२३ चं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. त्यात ते भांडतायत कुणाशी, तर तरुण केन्सशी! केन्सनं १९१३ च्या पुस्तकात भारताच्या सुवर्ण विनिमय पद्धतीचं (देशात सोन्याची नाणी नाहीत, रुपया फक्त ठरलेल्या दरानं सोन्याशी बांधलेला) कौतुक केलेलं, बाबासाहेब म्हणतात अशी सैल पद्धत असली की सरकारचा हात मोकळा सुटतो, चलन वाढतं, रुपयाची खरेदीशक्ती घसरते. आणि रुपयाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनपुढे पण त्यांचा मुद्दा असा की स्वस्त रुपयानं धंदेवाल्याला जो फायदा होतो तो काही आकाशातून पडत नाही, तो मजुराच्या ताटातून येतो, कारण भाव आधी चढतात आणि मजुरी मागून रांगत येते. पातळ चादर सगळ्यांना सारखी पातळ होत नाही. कॉम्रेड काकांनी हे ऐकून बराच वेळ मान हलवली, म्हणाले महागाई भत्त्यासाठी आम्ही काय उगाच घसा फोडला का आयुष्यभर.

तरी पण मी एमएमटी सोडली नाही पूर्ण, कारण त्यांची एक गोष्ट आपल्या मातीतली आहे. ते म्हणतात सरकारनं ज्याला काम पाहिजे त्याला काम द्यावं, ठरलेल्या मजुरीवर. अहो हे आपल्याकडे कधीच झालंय. १९७२ चा दुष्काळ, वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा रोजगार हमीचा कायदा, केंद्रानं तसा कायदा करायला २००५ उजाडलं. आईचं माहेर सांगोल्याकडचं. मामा-मामी दोघं दुष्काळी कामावर, खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला. आणि यातली सगळ्यात मजेची गोष्ट माझ्या पगाराच्या स्लिपवर होती. पीटी, व्यवसाय कर. दरमहा २००, फेब्रुवारीत ३००. मी दर फेब्रुवारीला त्या शंभर रुपयांवरून कुरकुर करायचो. मग कळलं हा कर १९७५ ला रोजगार हमीसाठीच बसवलेला. राज्याला नोट छापता येत नाही, म्हणून शहरातल्या पगारदाराच्या खिशातून काढून सांगोल्याच्या खडीवर. टॉवेलवाला म्हणाला म्हणजे दिल्लीला अंथरूण विणता येतं, मुंबईला विकत घ्यावं लागतं. आणि सोलापूरला? "सोलापूरला फक्त खरंखुरं विणता येतं," काका म्हणाले, आणि आम्ही तिघं बऱ्याच दिवसांनी एकदम हसलो.

हसणं फार टिकलं नाही. टॉवेलवाल्यानं त्याचा नेहमीचा विषय काढला, माणसं मिळत नाहीत, पोरं पुण्याला पळतात, फुकट मिळायला लागलं की कोण मागावर उभं राहतंय. तो वाईट माणूस नाही, कामगारांच्या पोरींच्या लग्नाला उचल देतो, दवाखान्याला धावतो. पण त्याचा जीव तिथं अडकतो. मला तेव्हा मिहाल कालेत्स्की हा अर्थतज्ज्ञ आठवला. पोलंडमध्ये वुच नावाचं गाव आहे, गिरण्यांचं, त्याला पोलंडचं मँचेस्टर म्हणतात (गिरण्या असल्या की कुणाचं तरी मँचेस्टर व्हावंच लागतं). तिथं १८९९ ला हा जन्मला. बापाची छोटी सूतगिरणी, ती बुडाली, पुढे घरच्या अडचणीनं पोराचं इंजिनिअरिंग अर्धवट राहिलं, अर्थशास्त्राची डिग्री तर कधी घेतलीच नाही. आणि या माणसानं १९३३ ला, केन्सच्या तीन वर्षं आधी, पोलिश भाषेत तेच बरंचसं मांडून ठेवलं, जे कुणी वाचलं नाही कारण पोलिश कोण वाचणार. मराठीत लिहिणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. १९४३ ला त्यानं लिहिलं की सगळ्यांना काम देणं सरकारला जमत नाही असं नाही, पण मालक लोकांना ते नको असतं, फायदा कमी होईल म्हणून नाही, उलट विक्री वाढून फायदा वाढेल तरी नको असतं, कारण कामावरून काढायची भीती उरली नाही तर मागावरचा माणूस मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवतो. १९५९-६० च्या सुमाराला हा माणूस सरकारला सल्ला द्यायला दिल्लीत येऊन गेला. दिल्लीऐवजी सोलापूरला उतरला असता तर भोंगा ऐकून घरी आल्यासारखं वाटलं असतं त्याला.

मी हे सांगितलं आणि टॉवेलवाला चिडला. "माझा बाप पण धोट्यावर होता, मला शिकवू नको." आणि उठून गेला, पैसे देऊन, तिघांचे. पुढचा रविवार आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला आणि काही झालंच नाही असा बसला, येताना मात्र एक टॉवेल घेऊन आला, माझ्या मांडीवर टाकला, म्हणाला बघ जीएसएम.

वहीचं राहिलं. मिल गेल्यावर अण्णांनी दोनेक वर्षं दुकान रेटलं. लोक पैसे नाही तर काहीतरी देऊन पान मिटवायचा प्रयत्न करायचे. एकानं कपाट दुरुस्त करून दिलं, एका बाईनं वर्षाच्या शेवया-कुरडया, शिंपी जायच्या आधी माझे दोन शर्ट शिवून गेला. ऑस्ट्रियात व्योर्गल नावाच्या गावात १९३२ च्या मंदीत असंच काहीसं, पण नीट ठरवून केलेलं. तिथला महापौर रेल्वेतला माणूस, त्यानं गावापुरत्या चिठ्ठ्या काढल्या, कामाच्या बदल्यात, आणि अट अशी की दर महिन्याला चिठ्ठीची किंमत १ टक्का घटणार, म्हणजे कुणी दाबून ठेवायची नाही, फिरवायची. रस्ते झाले, पूल झाला, थकलेले कर लोकांनी भरले. १९३३ च्या सप्टेंबरात मध्यवर्ती बँकेनं बंद पाडलं, नोटा काढायचा हक्क आमचा. मी कित्येकदा स्वप्नरंजन केलंय की चाळीनं अण्णांच्या वहीच्या अशा चिठ्ठ्या काढल्या असत्या तर. पण ज्वारी भुसार बाजारातून यायची आणि तिथल्या व्यापाऱ्याला शेवया-कुरडया नको होत्या.

परवा मी हे सगळं आईला वाचून दाखवत होतो. ती चौऱ्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पैशाचं मात्र सगळं येतं. बाजूला लॅपटॉपवर मी वहीचं एक शीट केलंय, घराघराचं नाव, बाकी, शेवटची तारीख, खाली बेरीज एकसष्ट हजार चारशे. मी तिला मोठ्या अभिमानानं सांगत होतो की बघ, एकाचं येणं ते दुसऱ्याचं देणं, दोन्ही बाजू मिळून शून्य, अण्णांनी सोडून दिलं आणि चाळीवरचं तेवढं ओझं उतरलं, हिशेब जुळतो.

"व्यापाऱ्याचे कुठनं दिले मग?"

मला माहीत नव्हतं. खरंच. मी त्या वेळी बार्शीला ब्रँचला होतो.

तिनं दोन्ही मनगटं पुढं केली. एकेक हिरवी काचेची बांगडी. "पाटल्या होत्या माझ्या. तुझ्या आजीच्या. चार तोळ्याच्या. त्या कुठल्या खान्यात लिहिल्यास?"

मी शीटमध्ये एक ओळ वाढवली. रकमेच्या जागी काय लिहायचं, तेव्हाचा सोन्याचा भाव का आजचा, ते विचारलं तर म्हणाली, आधी दूध बघ, उतू जाईल.